भावा, हात हलका म्हणजे नेमका किती रे?

भावा,

चार महिने झाले, तुझे तीन मेसेज तसेच पडलेत, रागावू नकोस. तब्येत बरी आहे, पाठ धरते अधनंमधनं.

काल रात्री लॅबमध्ये जे झालं ते तुलाच कळेल म्हणून लिहितोय. आमच्या दोन हातांच्या रोबॉटला झिपवाल्या पिशवीत सामान भरायला शिकवतोय. आधी आम्ही त्याचे हात चालवून दाखवतो आणि प्रत्येक तुकड्याला एक वाक्य जोडतो, "पिशवी उचल", "उजवा हात वर घे" असं. मग त्याचा वरचा मेंदू कॅमेऱ्यातनं बघून पुढचं वाक्य ठरवतो आणि खालचा त्या वाक्याप्रमाणं हात हलवतो. चुकला की आपण मध्येच "जरा डावीकडं" म्हणायचं, त्याचं वाक्य बाजूला पडतं, आपलं चालतं, आणि तेच साठवून वरच्या मेंदूला परत शिकवायचं, म्हणजे पुढच्या वेळी न सांगता सुधारतो. २०२४ ला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड-बर्कली विद्यापीठांच्या लोकांनी हे करून दाखवलं, नाव काय तर 'येल ॲट युअर रोबॉट', ओरडा त्याच्यावर! आबांनी तर उद्यमनगरातल्या शेडमध्ये आपल्यावर ओरडून लेथ चालवणारे दोन टर्नर तयार केले, तेपण पगार देऊन.

तर काल तो पिशवीची कड इतकी आवळत होता की दोन्ही पदर चिकटायचे, तोंड उघडेचना. रात्रीचे अकरा, आणि माझ्या तोंडातनं निघालं, "अरे हात हलका ठेव की!" मराठीत. त्याला काय कळणार. मग इंग्रजीत सांगितलं, तरी तेच. कारण आम्ही 'हलका' कधी दाखवलेलाच नाही, आणि जे दाखवलं नाही ते नुसतं बोलून येत नाही. डावं-उजवं कॅमेऱ्यात दिसतं, हलका दिसतो कुठं? त्याच्याकडं चार कॅमेरे आणि सांध्यांचे कोन, दाब त्याला कळतच नाही.

आणि मला शेड आठवलं. लेथचं हँडल, माझ्या हातावर आबांचा हात, टूल किरकिरायला लागलं की तळव्यातनंच कळायचं की आता थांबायचं. "हलका" हा शब्द नंतर यायचा, आधी तो हात. तू म्हणायचास ना, हे सांगून येत नाही, हातालाच यावं लागतं, आणि त्यावरनं मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो? निम्मं तुझंच खरं होतं, लिहून देतो. पण उरलेलं निम्मं मला सोडवत नाही. आज मी भलत्याच हालचालीला 'हलका' म्हटलं तर तोच चुकीचा हलका त्याच्यात कायमचा बसेल, आणि बरोबर कुठला ते सांगायला आबा नाहीत. झोप नाही रे यानं.

चिन्याचा दहावीचा निकाल काय लागला? कॉम्प्युटरवर चालणारं ते सीएनसी मशीन आलं का? वहिनींना नमस्कार.

एक काम कर. नव्या पोराला लेथवर उभा करशील तेव्हा फोन तासभर चालू ठेव, तू काय बोलतोस आणि कुठं बोलणं सोडून त्याचा हात धरतोस ते मला बघायचंय. शिव्या कापू नकोस.

तुझा,
बंड्या