आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: फडावरच्या गरोदर बायांसाठी एक व्हिडिओ कॉल

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात एचआयव्ही समुपदेशक आहे. दसरा-दिवाळी झाली की माझ्या नोंदवहीतल्या एचआयव्ही असलेल्या बाया कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. त्यांत गरोदरही असतात. गोळ्या बांधून देतो, पण मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फिटेपर्यंत एआरटी केंद्राकडे, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिकडे, फिरकणं होत नाही. एक खाडा झाला की मुकादम पैसे कापतो.

मागच्या हंगामात एकीला व्हिडिओ कॉल लावला. "घेते ना ताई रोज." म्हटलं, दाखव बरं. तिनं पिशवी पालथी केली. एआरटीची बाटली, लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम. पहाटे चारला, उपाशीपोटी, सगळ्या एकदम गिळत होती! एआरटीतलं डोल्युटेग्राविर हे औषध असं घेतलं तर अंगी लागत नाही. ते लोह-कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी घ्यायचं, नाहीतर सगळं जेवणासोबत. नुसत्या आवाजावर मला हे कधीच कळलं नसतं. उपचाराविना बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं, नीट उपचारानं ते ५ टक्क्यांखाली येतं.

अडचणी आहेत. फोन नवऱ्याचा, कोपीला, म्हणजे फडावरच्या झोपडीला, दार नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं गोपनीयता दिली, ती कोपीत कशी पाळायची? आम्ही खूण ठरवलीय. मी "जेवलीस का?" विचारते, "भाकरी व्हायचीय" म्हणाली की जवळ कुणीतरी आहे, मग मी उसाच्या गप्पा मारते. ई-संजीवनी ही सरकारची ऑनलाइन डॉक्टर-सल्ल्याची सेवा आहे, पण हे दुखणं अनोळखी चेहऱ्याला कोण सांगेल? म्हणून कॉल ओळखीच्या समुपदेशकानंच करावा, तिच्या सोयीच्या वेळी. त्यासाठी फोन आणि डेटा शासनानं द्यावा. आज तो खर्च माझ्या पगारातून जातो.

व्हिडिओवर रक्त काढता येत नाही, हेही खरं. बत्तिसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यातली व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) तपासणी आणि बाळाची सहाव्या आठवड्यातली तपासणी कारखान्याजवळच्या केंद्रात, कागदपत्रांसाठी बीडला न पिटाळता, व्हावी. तसे आदेश काढा.

गाड्या भरायला थोडेच दिवस उरलेत. यादीतली एक जण पाचव्या महिन्यात आहे. तिनं रात्री आठची वेळ दिलीय. रिचार्ज मीच मारलंय.

आपली,
एक समुपदेशक, बीड