तुझ्या वाट्याची सरकी

ता. जळगाव जामोद, जि. बुलडाणा
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय गड्या,

आज प्रकटदिन. आई-बाबा गावातल्या दिंडीसोबत पायी शेगावला गेलेत, घरात मी अन् आजी. आजीनं सकाळीच महाराजांच्या फोटोपुढं झुणका-भाकर ठेवली आणि मला म्हणाली, "आता पुस्तक धर." २० तारखेपासून पेपर सुरू. पण तुला परवाचं आणि कालचं सगळं सांगितल्याशिवाय माझं डोकं पुस्तकात बसणार नाही. फोनवर हे जमलं नसतं. फोन तुझ्या बाबांसोबत कंपनीत जातो, आणि ही पाच मिनिटांत उरकायची गोष्ट नाही. म्हणून चार पानं फाडून बसलो आहे.

काल आपला निरोप समारंभ झाला. मुद्दाम 'आपला' लिहिलं, का ते पुढं कळेल.

गेल्या वर्षी आपण नववीत असताना दहावीच्या पोरांनी शेलापागोटे ठेवले होते, आठवते ना? नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायच्या आणि माइकवर वाचायच्या. त्यात एका ताईच्या रंगावरून कुणी लिहिलं होतं. ती हसत उभी राहिली, आणि नंतर नळाजवळ तोंड धूत बसली. आपण दोघं पाणी प्यायला गेलो होतो आणि तसेच परत फिरलो. हे मी विसरलो नाही, तूही विसरला नसशील. म्हणून या वेळी सरांनी विचारलं, शेलापागोटे ठेवायचे का, तेव्हा पहिल्यांदा मीच हात वर करून नाही म्हटलं. मग दुसरं काय, यावर दोन दिवस भांडणं झाली. कुणाला गाणी हवी होती, कुणाला भविष्य सांगायचं होतं, आणि प्रत्येकालाच दुसऱ्याचं.

शेवटी पहिल्या बाकावरची लांब वेणीवाली म्हणाली, "भेंडवळसारखी घटमांडणी करू ना आपून."

वर्ग एकदम गप्प झाला. आपल्या तालुक्यात हा शब्द कुणी असाच टाकत नाही; घटातले दाणे रात्रीतून कसे सरकले त्यावरून तिथं वर्षाचं पाऊसपाणी अन् पीक सांगतात. मला तर लगेच २०२४ची आखाजी, ती अक्षय्य तृतीया आठवली. दुसऱ्या दिवशीची, ११ मेची पहाट, आपण दोघं सायकलवर आणि तुझे बाबा मोटरसायकलवर पुढं. चंद्रभान महाराज वाघांच्या घराण्यातली मंडळी घट पाहायला आली तशी ती एवढी माणसं कशी चिडीचूप झाली होती! कडेनं अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर घागर, घागरीवर पापड, पुरी, कुरडई. तू मला कानात विचारलं होतं, राजा कोणता? मी विड्याकडं बोट दाखवलं होतं. तुझे बाबा खिशातल्या डायरीत एकेक पीक लिहून घेत होते, आणि कपाशीचं नाव येईपर्यंत त्यांनी श्वाससुद्धा घेतला नसेल. पुढं कपाशीला काय भाव मिळाला ते तुला मी कशाला सांगू. गेल्या जूनमध्ये तुमचं सामान टेम्पोत चढलं तेव्हा ती डायरी आजीच्या भांड्यांवर ठेवलेली मी पाहिली होती.

तर घटमांडणी ठरली. घरी सांगितलं तर आजी रागावली. "आखाजीचं काम आखाजीलेच. देवाचा खेळ नोका करू पोट्टेहो." मी तिच्यापाशी बसून सगळं समजावलं, की पाऊसपाणी नाही विचारणार, पीक नाही विचारणार, फक्त आम्हा पोरांचं. ती बराच वेळ तूर पाखडत राहिली. मग म्हणाली, "घागर नोका ठेवू. इडा बी नोका ठेवू. तो राजाचा मान हाय." आम्ही ते पाळलं. घागरीऐवजी वर्गातला माठ ठेवला, तोच, तळाशी झिरपणारा. आणि विड्याची जागा रिकामी ठेवली.

विज्ञानाच्या सरांना आधी पटत नव्हतं. मग त्यांनी एक अट घातली आणि त्या अटीनंच खरी मजा आणली. दाणा सरकला तर आधी कारण सांगायचं, मग भाकीत. मुंगी, दव, वारा, पाखरू, काय ते नीट पाहून बोलायचं. कारण नाही तर भाकीत नाही.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मैदानाच्या कडेला, कडुनिंबापासून दूर, चुन्यानं गोल आखला. मध्ये खड्डा केला आणि चार ढेकळं ठेवली. महिन्यांची कशी ठेवणार? म्हणून सायन्स, आर्ट्स, कॉमर्स आणि आयटीआय. धान्यं घराघरातून आली. भादली आणि लाख मिळता मिळेना, शेवटी एका म्हाताऱ्या मावशीच्या उतरंडीत सापडली. अठरा धान्यं, आणि ज्याच्या-त्याच्या बाकावरच्या जोडीदारासोबत एक धान्य. गोलाच्या आत दोन-दोन दाणे ठेवायचे. करडई मात्र सैन्याची तयारी करणाऱ्या दोघांनी हट्टानं मागून घेतली, कारण भेंडवळला करडई म्हणजे संरक्षण.

मांडता मांडता वेणीवालीनं मोजलं. "अठरा दुणे छत्तीस. आपून पस्तीस. एक दाना कमी पडते."

माझ्या हातात सरकी होती, एकच. मी काही बोललो नाही. खरं सांगतो, माझा घसा भरून आला होता. जूनपासून खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर मी एकटाच बसतो. दोनदा सरांनी दुसऱ्याला बसवायला पाहिलं, दोन्ही वेळा मी दप्तर मध्ये ठेवलं. आणि तेव्हा कोण बोललं माहीत आहे? तोच, ज्याच्याशी तुझी रनआउटवरून मारामारी झाली होती आणि तू गेलास तेव्हा जो भेटायलाही आला नव्हता. तो म्हणाला, "त्याचा ठेवा ना बे. तो काय मेला का? पुन्यालेच तं गेला."

मग मी धावत तुमच्या वावरावर गेलो. यंदा ते ठेक्यानं दिलंय. पऱ्हाटी अजून उभी आहे, धुऱ्याच्या कडेला एकदोन बोंडं राहिलेली. एका बोंडातला कापूस हातानं सोडवून सरकी काढली. अंधार पडायला लागला होता. परत आलो तर सगळे तिथंच थांबलेले, एकही घरी गेलेला नाही. तुझी सरकी माझ्या सरकीशेजारी ठेवली तेव्हा छत्तीस झाले.

भेंडवळला रात्री घटाजवळ कुणी थांबत नाही, तसं आम्हीही थांबलो नाही. पण मला झोप कसली! रात्री उशिरा चंद्र वर आला, तेव्हा मी अंगणातच होतो.

काल सकाळी सहालाच सगळे हजर. दव इतकं पडलं होतं की चपला भिजल्या. उत्तरेला सातपुडा अजून निळाच होता. वेणीवाली हातात पट्टी घेऊन गोलाबाहेर उकिडवी बसली आणि आम्ही मागं अर्धगोल करून उभे राहिलो.

आधी ढेकळं. सायन्सचं एका कडेनं ओलं, कॉमर्सचं तसंच, आर्ट्सचं कोरडं. आणि आयटीआयचं पार विरघळून चिखल! कारण: माठाची गळती नेमकी त्या बाजूला. भाकीत: यंदा आयटीआयला आपल्या गावचा महापूर. पोरांनी टाळ्या वाजवल्या, निम्म्यांना तिथंच जायचं आहे. इलेक्ट्रिशियनवाले आणि फिटरवाले यांच्यात लगेच दोन पार्ट्या पडल्या.

मग धान्यं. ज्वारीचा एक दाणा मुंग्यांनी ओढत नेला होता, रांग अजून चालू होती. तो दाणा आपल्या गोलूचा, जो मधल्या सुट्टीत सगळ्यांचे डबे खायचा. भाकीत: आयुष्यभर खाल्लं ते आता व्याजासकट परत देणार, गावाला जेवण घालणार. तो इतका खूश झाला की तिथंच भंडाऱ्याची तारीख सांगायला निघाला. हरभऱ्याचा एक दाणा गायब. कारण: साळुंकीच्या पायाचे ठसे. भाकीत: विमानातून परदेश. ज्याचा दाणा होता तो पोरगा मात्र गंभीरपणे म्हणाला, "मी नाही जात. आमचा हरभरा कोन सोंगीन?" त्यावर मॅडमनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

जवसाची गोष्ट तुला नीट सांगायची आहे. मागच्या बाकावरची, जी फार बोलत नाही. तिच्या घरी दहावीनंतर पुरे असं चाललंय. तिचा दाणा गोलाच्या रेघेला टेकला होता. कारण: उतार आणि दव. वेणीवाली क्षणभर थांबली. मला वाटलं आता ही काही तरी थट्टेचं बोलणार. पण ती म्हणाली, "जवस एसटीनं जाणार. आधी मानव विकासच्या निळ्या बसमधी बसून अकरावीले, मंग त्याच बसच्या ड्रायव्हरच्या सीटवर." सगळे हसले, तीसुद्धा हसली, कारण बापाचा ट्रॅक्टर ती वळणावर कसा वळवते ते साऱ्या गावाला माहीत आहे. मुख्याध्यापक सर मात्र हसले नाहीत. त्यांनी खिशातली वही काढून काही लिहिलं आणि संध्याकाळी तिच्या घरी चहाला गेले. काय बोलणं झालं कळलं नाही. माझं सगळं लक्ष तिकडं लागलं आहे.

करडईचे दोन्ही दाणे जागचे हलले नव्हते. दोघांनी तिथंच सॅल्यूट ठोकला.

आता सरकी. सगळ्यात शेवटी ठेवली होती तिनं, मुद्दाम. गड्या, सरकीला लव असते ना, त्या लवेवर दवाचे बारीक थेंब बसले होते. तुझी सरकी सरकून गोलाच्या रेघेवर गेलेली. आणि माझी तिच्या मागोमाग, लवेनं लव धरलेली. कारण शोधायला सर स्वतः खाली वाकले. मातीत बारीक माग होता, कुठल्या तरी किड्यानं ढकललं असणार. पण भाकितावर वर्ग फुटला. अर्धे म्हणाले, हा याला पुण्याला ओढून नेणार, पुढच्या वर्षी दोघं एकाच कंपनीत. अर्धे म्हणाले, छे, यानंच त्याला रेघेवर धरून ठेवलंय, नाही तर केव्हाच बाहेर गेला असता. रनआउटवाला दुसऱ्या पार्टीत होता आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता. वेणीवालीनं पट्टी लावली, दोन्ही सरक्यांच्या मधून रेघ जाते का ते पाहिलं, आणि भेंडवळचा तोच शब्द काढला: "मोघम."

मला तो शब्द आवडला नाही. मी आत असावं का बाहेर, हे मलाही कळत नाही. बाबा म्हणतात शेगावच्या कॉलेजला अकरावी कर, मामा म्हणतो पुण्याला ये. पण तू तिकडं कसा आहेस, वर्गात कुणी बोलतं का, तुझी भाषा ऐकून कुणी हसतं का, यातलं तू मला काहीच लिहिलेलं नाहीस. ते लिही. नीट लिही, 'मजेत आहे' असं एका ओळीत नको.

बाकी समारंभ नेहमीसारखा. नववीनं भिंतीवरचं घड्याळ दिलं, भाषणं झाली, शर्टावर सह्या झाल्या. जेवण मात्र फक्कड. पोरांनी पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली आणि भरीत-पुरी केली, हिरव्या मिरचीचा ठेचा घालून. शिपाई काकांनी शेवटची घंटा दिली तेव्हा कुणी जागचं हललं नाही. काकांनी पुन्हा दिली. तिसऱ्यांदा त्यांनी टोल खालीच ठेवला आणि आमच्यातच येऊन बसले.

माझ्या शर्टाच्या पाठीवर, कॉलरच्या खाली, वीतभर जागा मी कुणाला लिहू दिली नाही. शर्ट धुणार नाही, आईला सांगून ठेवलंय.

१८ मार्चला पेपर संपतात. आखाजी १९ एप्रिलला, रविवारी. म्हणजे घट सोमवारी पहाटे पाहतील. तुझ्या बाबांना सुट्टी मिळाली तर ठीक, नाही तर तू एकटा रेल्वेनं नांदुऱ्याला उतर, मी घ्यायला येतो. तुझी सायकल आमच्या ओसरीतच आहे, मागच्या टायरला नवा ट्यूब टाकलाय. येताना बाबांची ती डायरी आण.

पाकिटात कागदाच्या पुडीत तुझी सरकी ठेवली आहे. तिकडं कुंडीत वगैरे लावू नको. घेऊन ये.

तुझाच,
खिडकीकडचा