फ्रिसींचा कर आणि रानबैलाचे कातडे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतील रोमन साम्राज्य आणि जर्मनिक टोळ्यांवरचा लेख दोनदा वाचला. इ.स. ९ मध्ये ट्यूटोबर्गच्या जंगलात जर्मन म्होरक्या आर्मिनियसने तीन रोमन लीजन, म्हणजे मोठ्या पलटणी, कशा कापून काढल्या, हे लेखकाने फार चांगले रंगवले आहे. पण शेवटी एक वाक्य येते की, ऱ्हाईन नदीच्या मुखाकडच्या लहानसहान टोळ्यांनी रोमची सत्ता निमूट मान्य केली. ते वाक्य मला खटकले, म्हणून हे पत्र. त्या टोळ्यांपैकी फ्रिसींची हकिगत खुद्द रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवली आहे. ती वाचल्यावर ‘निमूट’ हा शब्द कोणालाही वापरवणार नाही.

फ्रिसी राहत आजच्या नेदरलँड्सच्या उत्तर किनाऱ्यावर. सपाट, खारवट, भरतीचे पाणी थेट आत घुसणारा मुलूख. माती आणि शेणाचे थर रचून माणसांनी टेकाडे उभारायची, त्यावर घरे बांधायची आणि पाणी ओसरले की खालच्या कुरणांत गुरे सोडायची, अशी तिथली वस्ती. त्या टेकाडांना तिकडे ‘टेर्प’ म्हणतात आणि ती आजही शेकड्यांनी उभी आहेत. रोमन लेखक थोरला प्लिनी त्या सीमेवर लष्करात होता. शेजारच्या चौकी टोळीबद्दल तो लिहितो की, भरतीच्या वेळी ही माणसे जहाजावरच्या खलाशांसारखी दिसतात आणि ओहोटीला जहाज फुटलेल्यांसारखी. अशा लोकांनाही रोमच्या ताब्यात जाणे म्हणजे गुलामगिरी वाटते, याचे त्याला नवल वाटले होते.

इ.स.पू. १२ मध्ये ऑगस्टसचा सावत्र मुलगा ड्रुसस याने फ्रिसींना ताब्यात घेतले आणि त्यांच्यावर कर बसवला. त्यांच्याकडे ना नाणे होते, ना धान्याची कोठारे. म्हणून कर ठरला गुरांच्या कातड्यांचा, लष्कराच्या वापरासाठी. माणसे गरीब आहेत हे पाहून तो बेताचाच ठेवला होता, असे टॅसिटस सांगतो. कातडे केवढे असावे, किती जाड असावे, हे कोणी पाहत नसे. या रीतीने सुमारे चाळीस वर्षे गेली.

मग ओलेनियस नावाचा एक जुना सेंच्युरियन, म्हणजे रोमन पलटणीतला नायक, त्यांच्यावर अधिकारी म्हणून आला. त्याने रानबैलाचे कातडे नमुना म्हणून पुढे ठेवले आणि यापुढे कातडी याच मापाची घेतली जातील असे ठरवले. हा रानबैल म्हणजे ऑरॉक्स. युरोपच्या जंगलांतले ते प्रचंड जनावर आता उरलेले नाही, शेवटचे १६२७ मध्ये पोलंडमध्ये मेले. फ्रिसींच्या दावणीला होती ती लहान चणीची गुरे.

माझी उमेदीची सगळी वर्षे महसूल खात्यात गेली. कारकून म्हणून लागलो, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे हा परिच्छेद वाचताना लढाईच्या आधी माझी नजर मापावर जाते. दर वाढला तर गावभर बोभाटा होतो, अर्ज येतात. माप बदलले तर कागद जसाच्या तसा राहतो. मला वाटते, ओलेनियसने कर वाढवला असे रोमच्या दप्तरात कुठे दिसलेच नसते. नग तेवढेच, नमुना तेवढा वेगळा. आणि हिशोब मांडून पाहा. त्या काळची तिथली गुरे खांद्यापाशी सव्वा मीटरही भरत नसत. ऑरॉक्सचा नर पावणेदोन मीटरपर्यंत जाई. उंची दीडपट झाली की कातडे दुपटीहून मोठे होते. त्यात नमुना अखंड कातड्याचा, म्हणजे दोन लहान कातडी जोडूनही भागायचे नाही. फ्रिसींनी सगळी दावण रिकामी केली असती तरी बाकी निघालीच असती.

तसेच झाले. टॅसिटसने वसुलीचा क्रम दिला आहे. आधी गुरे गेली, मग जमिनी गेल्या, शेवटी बायका-मुले गुलाम म्हणून द्यावी लागली. लोकांनी तक्रारी केल्या. दाद लागली नाही. इ.स. २८ मध्ये वसुलीला आलेल्या शिपायांना त्यांनी धरले आणि फासावर चढवले. ओलेनियस किनाऱ्यावरच्या फ्लेवुम किल्ल्यात पळाला म्हणून वाचला.

पुढची लढाई लेखकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. लोअर जर्मनीचा सेनापती लुसियस अप्रोनियस मोठी फौज घेऊन ऱ्हाईनमधून खाली आला. दलदलीवर भराव आणि पूल टाकले. पण तुकड्या एकदम न घालता एकेक करून पुढे पाठवल्या आणि त्या एकेक करून मार खात गेल्या. अखेर पाचव्या लीजनने धाव घेतली म्हणून उरलेले सुटले. मेलेल्यांचे दफनसुद्धा न करता अप्रोनियस परतला. नंतर पळून आलेल्यांकडून कळले की, बादुहेन्नाच्या राईत ९०० रोमन दुसऱ्या दिवसापर्यंत लढत लढत मारले गेले. आणखी ४०० जण क्रुप्टोरिक्स नावाच्या, पूर्वी रोमच्या चाकरीत असलेल्या माणसाच्या वाड्यात शिरले होते. दगा होईल या भीतीने त्यांनी एकमेकांना मारून घेतले. सम्राट टायबेरियसने ही हानी लपवली, कारण कोणा सेनापतीच्या हाती एवढे युद्ध सोपवायला तो तयार नव्हता. ट्यूटोबर्गचे नाव शाळकरी मुलांनाही माहीत असते. बादुहेन्नाचे नाव झाकले गेले त्याला हेही एक कारण असावे.

व्यवहार मात्र तुटले नव्हते. नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतात टोल्सुम येथील टेर्पमध्ये १९१४ साली एक लाकडी लेखपाटी सापडली. कित्येक वर्षे ती बैलाच्या खरेदीची पावती समजली जात होती. अलीकडे ती पुन्हा वाचली गेली तेव्हा कळले की तो कर्जरोखा आहे, इ.स. २९ च्या फेब्रुवारीतला. म्हणजे बंडाच्या दुसऱ्याच वर्षी त्या मुलुखात लॅटिनमध्ये कर्जाची कागदपत्रे होत होती. मला हा पुरावा लढाईइतकाच मोलाचा वाटतो.

इ.स. ४७ मध्ये रोमन सेनापती कॉर्ब्युलोने फ्रिसींना पुन्हा वाकवले, जमिनी आखून दिल्या, कायदे आणि अधिकारी नेमले. पण सम्राट क्लॉडियसने फौजा ऱ्हाईनच्या अलीकडे घ्यायला लावल्या.

इ.स. ५८ ची गोष्ट अधिक जिवाला लागते. ऱ्हाईनच्या काठी बराच मोठा पट्टा रोमन सैनिकांसाठी राखीव म्हणून मोकळा पडला होता. व्हेरिटस आणि मालोरिक्स या म्होरक्यांनी फ्रिसींना तिथे आणले. तरणीबांड माणसे जंगल-दलदलीतून आली, म्हातारी-कोतारी आणि बायका-मुले तळ्यांतून. घरे उभी राहिली, पेरणी झाली, जमीन वडिलोपार्जित असल्यासारखी कसायला घेतली. तेवढ्यात सेनापती अविटसने बजावले की उठा, नाहीतर सम्राटाची परवानगी आणा. दोघे म्होरके रोमला गेले. नीरोची भेट मिळेपर्यंत त्यांना शहर दाखवण्यात आले आणि पाँपेच्या नाट्यगृहात नेण्यात आले. सेनेटरांच्या जागांवर परक्या वेशातली माणसे बसलेली पाहून त्यांनी चौकशी केली. जी राष्ट्रे शौर्यात आणि रोमच्या मैत्रीत पुढे आहेत त्यांच्या वकिलांना हा मान मिळतो, असे उत्तर आले. तेव्हा शस्त्रात आणि इमानात जर्मनांच्या पुढे कोणी नाही, असे म्हणून दोघे उठले आणि सेनेटरांमध्ये जाऊन बसले. लोकांना कौतुक वाटले. नीरोने दोघांनाही रोमचे नागरिकत्व दिले आणि फ्रिसींनी ती जमीन सोडावी असा हुकूमही दिला. ते हलले नाहीत, तेव्हा घोडदळ सोडले गेले. जे अडून बसले ते मारले गेले किंवा पकडले गेले.

त्याच रिकाम्या पट्ट्यावर मग अँप्सिवारी आले. ही टोळी फ्रिसींहून बलाढ्य, पण चौकींनी हाकललेली. त्यांचा म्होरक्या बोयोकालस रोमचा जुना माणूस. आर्मिनियसच्या बंडात त्याला रोमच्या बाजूचा म्हणून बेड्या पडल्या होत्या आणि पुढे त्याने टायबेरियस व जर्मानिकसच्या हाताखाली चाकरी केली होती. एवढ्या जमिनीतल्या एका तुकड्यावर सैनिकांची गुरे क्वचित चरतात, गुरांसाठी कुरण राखता मग उपाशी माणसांना जागा का देत नाही, असे त्याचे म्हणणे. देवांना जसे आकाश तशी माणसांना जमीन दिलेली आहे आणि जी रिकामी ती सगळ्यांची, असेही तो म्हणाला. रोमन इतिहासकार भाषणे स्वतः रचत, त्यामुळे शब्द टॅसिटसचे असतील. पण मागणी खरी होती. अविटसचे जाहीर उत्तर होते की, थोरांचा हुकूम मानलाच पाहिजे. खासगीत मात्र त्याने बोयोकालसला एकट्याला जमीन देऊ केली. बोयोकालसने ती नाकारली. जगायला जमीन मिळाली नाही तरी मरायला कमी पडणार नाही, असे सांगून तो निघून गेला. ज्या टोळ्यांना त्याने हाक दिली होती त्या रोमन फौजांच्या धाकाने मागे सरल्या. अँप्सिवारी दारोदार फिरत राहिले. त्यांच्यातले तरुण मारले गेले, बाकीचे लूट म्हणून वाटले गेले. सगळे संपले असे टॅसिटसच्या लिहिण्यावरून वाटते, पण चौथ्या शतकाच्या अखेरीस फ्रँक या जर्मनिक टोळ्यांबरोबर अँप्सिवारींचे नाव पुन्हा येते. कोणीतरी उरले होते.

फ्रिसींपैकी काही जण रोमच्या सैन्यात गेले. ब्रिटनमध्ये हेड्रियनच्या भिंतीवर, हाउसस्टेड्स येथे, त्यांच्या तुकडीने आपल्या देवांना वाहिलेल्या तिसऱ्या शतकातल्या शिळा सापडल्या आहेत. त्याच शतकाच्या अखेरीपर्यंत मूळ किनारा बराचसा ओस पडला. आज फ्रीसलंडमध्ये बोलल्या जाणाऱ्या भाषेचे लोक मुख्यतः नंतर आलेल्यांचे वंशज असावेत, असे अनेक पुरातत्त्वज्ञ मानतात. तेव्हा आपल्या लेखात जुने फ्रिसी आणि आजचे फ्रिसियन यांच्यात जी सरळ रेघ ओढली आहे तीही तपासून घ्यावी, ही विनंती.

इ.स. २९७ मध्ये सम्राट कॉन्स्टँटियसची स्तुती करणारे एक लॅटिन भाषण झाले. वक्त्याचे नाव टिकलेले नाही, भाषण टिकले आहे. जिंकून रोमन हद्दीत आणून बसवलेल्या टोळ्यांबद्दल तो त्यात अभिमानाने सांगतो की, फ्रिसी आता माझ्यासाठी नांगर धरतो, आपली गुरे माझ्या बाजारात विकायला आणतो आणि त्याच्यामुळे धान्य स्वस्त झाले आहे.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, सातारा