जुन्या मोटारसायकलींची पेट्रोलगळती: कार्ब्युरेटर बदलण्याआधी गळतीची जागा शोधा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुंबईतील अनेक सोसायट्यांच्या स्टिल्टमध्ये एखादी जुनी बुलेट, जावा, येझदी किंवा राजदूत ताडपत्रीखाली उभी असते आणि जवळून जाताना पेट्रोलचा वास येतो. ‘जुनी गाडी आहे, थोडे गळायचेच’ असे म्हणून मालक तिकडे काणाडोळा करतो आणि कमिटी गाडी हलवण्याची नोटीस लावून मोकळी होते. अशा गाड्या बरीच वर्षे सांभाळत आलेला वाचक या नात्याने मला दोघांचेही म्हणणे पटत नाही. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, गळतीला ठरावीक जागा आणि ठरावीक कारण असते, आणि बहुतेक वेळा ते कारण एखाद्या वॉशरइतके किंवा पेट्रोलची वाट उघडझाप करणाऱ्या सुईच्या, म्हणजे निडलच्या, टोकाइतके लहान असते.

कमिटीची भीती मात्र अनाठायी नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती वर न जाता जमिनीलगत पसरते, शून्याखाली चाळीस अंश तापमानातही ती पेट घेऊ शकते, आणि आपल्याकडे विजेचे मीटर बहुधा त्याच तळमजल्यावर असतात. म्हणून गळती दिसताच पहिले काम म्हणजे टाकीखालचा कॉक (पेट्रोलची तोटी) बंद करणे, आणि दुसरे म्हणजे गाडी ढकलत उघड्यावर नेणे. पुढची सारी तपासणी तिथेच, इंजिन थंड असताना आणि जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवून करावी. सांडलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि पाण्याबरोबर आणखी दूर पसरते.

मेकॅनिककडे गेल्यावर ‘कार्ब्युरेटर गेला, नवीन टाका’ हे उत्तर हल्ली फार लवकर मिळते. एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाबाबतचे बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींवर कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आले, त्यामुळे तरुण कारागिरांच्या हाताखालून कार्ब्युरेटर फारसे जात नाहीत, हे समजण्यासारखे आहे. परंतु जुना अमल किंवा मिककार्ब बनावटीचा कार्ब्युरेटर काढून त्या जागी बाजारातील अंदाजे मापाचा कार्ब्युरेटर बसवला की गाडीचे जेटिंग (पेट्रोल-हवेचे प्रमाण) बिघडते, आणि गळती टाकीच्या कॉकमधून होत असेल तर ती तशीच राहते. म्हणून आधी सगळे भाग कापडाने पुसून कोरडे करावेत, खाली पांढरा कागद अंथरावा आणि कॉक बंद असतानाच काही वेळ पाहावे. तरीही कागद ओला होत राहिला तर दोष बहुधा कॉकमध्ये आहे. जुन्या कॉकमधील बुचाचा (कॉर्कचा) सील गाडी महिनोन्महिने कोरडी राहिली की आक्रसतो. पेट्रोल लागल्यावर तो कधीकधी फुगून गळती थांबते, पण त्याच्या भरवशावर न राहता तो बदललेलाच बरा. कॉक बंद असताना कागद कोरडा राहिला आणि उघडताच ओल धरू लागली, तर पाइप, जोडाचे फायबर वॉशर, कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीचे पॅकिंग आणि शेवटी फ्लोट (वाटीतील पेट्रोलवर तरंगणारा भाग) व निडल या क्रमाने वरून खाली पाहत यावे, कारण थेंब जिथे पडतो तिथेच तो सुटलेला असतो असे नाही. जावा-येझदीसारख्या, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळाव्या लागणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोल उडून गेले तरी त्यातील ऑइलचा तपकिरी चिकट ओघळ मागे राहतो आणि त्याचा माग काढत मूळ जागेपर्यंत पोहोचता येते. बुलेटमध्ये हा पुरावा फारसा उरत नाही, तिथे टाल्कम पावडर भुरभुरली तर ओल कुठून सुरू होते ते लगेच दिसते.

खरा घोळ बहुधा फ्लोट आणि निडलपाशीच असतो. वाटीतील पेट्रोल ठरावीक पातळीला आले की फ्लोट वर उचलला जातो आणि निडल आपल्या सीटवर (बसण्याच्या जागी) बसून वाट बंद करते. टाकीतील गंजाचा एखादा कण मध्ये अडकला तरी ही वाट अर्धवट उघडी राहते आणि पेट्रोल टिकलरच्या (थंड इंजिनासाठी पेट्रोल वाढवायला दाबायच्या बटनाच्या) बाजूने किंवा कार्ब्युरेटरच्या तोंडातून बाहेर येते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना टिकलर दाबल्यावर येणारे चार थेंब हा दोष नव्हे. बोट काढल्यावरही पेट्रोल येतच राहिले तर तो दोष. निडलचे टोक उजेडात धरून भिंगातून पाहावे. शंकूवर गोल रेघ दिसली आणि तिच्यावरून नख फिरवताना ते अडकले, तर ती निडल झिजली आहे असे समजावे. पॉलिश लावून ती घासत बसण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्याने खाच आणखी खोल जाते. ज्या कार्ब्युरेटरांत फ्लोट खालच्या वाटीत असतो, त्यांत वाटी काढून कार्ब्युरेटर उलटा धरावा आणि पेट्रोलच्या नळीतून हलकी फुंकर मारावी. फ्लोटच्या वजनाने निडल बसलेली असताना हवा आत जाता कामा नये.

पितळी फ्लोट कानाजवळ हलवून पाहावा. आत पेट्रोल खळखळले तर त्याला भोक आहे, आणि जड झालेला असा फ्लोट निडल कधीच पुरती बंद करू शकणार नाही. गरम पाण्यात बुडवल्यावर भोकातून बुडबुडे येतात, मात्र हे पाणी शेगडीवरून उतरवून दूर आणलेले असावे. आतले पेट्रोल आणि त्याची वाफ पूर्ण निघून गेल्याची खात्री झाल्याशिवाय सोल्डरिंगची कांब त्याच्याजवळ नेऊ नये, कारण आत कोंडलेली वाफ भडकते. डागही अगदी बारीक हवा. सोल्डरचा गोळा बसला की फ्लोटचे वजन वाढते, वाटीतील पातळी चढते आणि गळती पुन्हा सुरू होते.

एक गळती बाहेर दिसतच नाही. कॉक उघडा राहिला तर पेट्रोल इनटेकमधून (इंजिनाच्या आत जाण्याच्या वाटेतून) आत झिरपते, बुलेटमध्ये ते सिलिंडरमार्गे ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ करते, आणि तशीच गाडी चालवली तर बेअरिंगवर बेतते. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर किक मारण्याआधी ऑइल बदलावे.

अलीकडच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलचाही इथे विचार करायला हवा. २० टक्के इथेनॉलचे इंधन फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर येऊ लागले. इथेनॉल हे अल्कोहोल असून ते हवेतील ओलावा शोषते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्याला ओलाव्याची कमतरता नाही. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला राळेसारखा थर ते सोडवते व तो निडलपाशी येऊन अडकतो. जुने रबर त्याने फुगते किंवा कडक होते. आणि फार जुन्या गाड्यांतील बुचाच्या फ्लोटवरचा लाखेचा थर तर अल्कोहोलमध्ये विरघळतोच. म्हणून इथेनॉलला टिकणारी नळी व सील वापरावेत, आणि गाडी पावसाळाभर उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून वाटीतील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. असा वारसा सरकार मान्य करत असेल, तर तो चालता ठेवणारे हातही तयार व्हायला हवेत. आयटीआयच्या दुचाकी दुरुस्तीच्या वर्गात कार्ब्युरेटर उघडून फ्लोटची पातळी लावण्याचा सराव कायम ठेवावा, आणि इंधनातील इथेनॉलचे प्रमाण प्रत्येक पंपावर ठळक मराठीत लिहावे, अशी माझी संबंधित खात्यांना विनंती आहे. सोसायट्यांच्या कमिट्यांनीही सरसकट नोटीस काढण्यापूर्वी मालकाकडून दोन गोष्टी मागाव्यात: गाडी उभी असताना कॉक बंद हवा, आणि रात्रभर खाली ठेवलेला कागद सकाळी कोरडा निघायला हवा.

आपला विश्वासू,
एक वाचक, माटुंगा, मुंबई