वाड्यांबरोबर मुलांची पुस्तकंही चालली आहेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात शनिवार पेठेतला आणखी एक वाडा पाडायला काढला. अशी खबर मला रद्दीवाल्याकडूनच लागते. "ताई, पोरांची पुस्तकं निघालीत. तासाभरात या, नाहीतर टेम्पो भरतो." मी हातातलं काम टाकून रिक्षा केली. तीन पोती होती. दोन वाळवीने संपवलेली. तिसऱ्यात 'आनंद' मासिकाचे जुने अंक निघाले. मुखपृष्ठं गेलेली, पिना गंजून कागदाला धरलेल्या. एका अंकाच्या कडेला शिसपेन्सिलीने लिहिलं होतं, "हा अंक माझा आहे. ताईने घेऊ नये." खाली वेगळ्या, वळणदार अक्षरात एकच शब्द: "घेतला."

हे अंक किलोच्या भावाने गेले होते. देणाऱ्यांना मी बोल लावत नाही. महिन्याभरात जागा रिकामी करून द्यायची असते, तेव्हा माणूस आधी दागिने, कागदपत्रं आणि देव बघतो. पण पेठांमधले वाडे ज्या वेगाने पडताहेत, ते बघून मला रात्री झोप लागत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या वडिलांचं नारायण पेठेत रद्दीचं दुकान होतं. वाचायला येऊ लागलं तशी मी गठ्ठ्यांवर बसून वाचायची आणि तागडीत पडण्याआधी एखादं पुस्तक मागून घ्यायची. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, तेव्हा मी सात वर्षांची होते. दुकानातल्या सगळ्या मालाचा लगदा झाला. मागून घेतलेली चार पुस्तकं तेवढी माडीवरच्या ट्रंकेत होती, ती वाचली. पुढे जुनी बालपुस्तकं घेणं, विकणं, जमवणं हेच माझं आयुष्य झालं. दुकान असं नाही. राहत्या घरातल्या दोन खोल्या, चौदा कपाटं आणि डांबराच्या गोळ्यांचा वास.

गिऱ्हाईक बहुतेक सत्तरीच्या पुढचं. नाव आठवत नसतं, लेखकही नाही. "पातळसं पुस्तक होतं, निळ्या मुखपृष्ठावर बैलगाडी होती," एवढ्यावर शोध सुरू होतो. एका आजोबांचं पुस्तक मला अकरा वर्षांनी सापडलं. ते सोफ्यावर बसून सोळा पानं मोठ्याने वाचत राहिले आणि शेवटचं पान वाचण्याआधी त्यांनी डोळे मिटून ते पाठ म्हणून दाखवलं.

मोठ्यांची पुस्तकं कपाटात राहतात, मुलांची वापरून संपतात. चित्रं कापून वहीत चिकटवली जातात, पाठच्या भावंडाकडे जाईपर्यंत शिवण सुटते. वाचनालयात गेलेल्या प्रतीची गत याहून वेगळी नाही. बाइंडर मुखपृष्ठ काढून जाड पुठ्ठा घालतो. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांसारख्या चित्रकाराचं काम त्या दिवशी केरात जातं. पानं सुटली की 'बाद' असा शिक्का बसतो आणि दाखल नोंदवहीत लाल रेघ पडते. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१मध्ये 'बालबोध' हे मुलांचं मासिक सुरू केलं आणि १९१४मध्ये जाईपर्यंत मुलांसाठी लिहिण्याचं व्रत सोडलं नाही. वा. गो. आपट्यांनी 'आनंद' काढलं १९०६मध्ये. आपल्या पणजोबा-पणजींनी लहानपणी काय वाचलं, ते या अंकांत आहे. आणि ते अंक मी पोत्यातून उचलते आहे.

ज्यांच्या घरी असं काही असेल, त्यांना हात जोडून सांगते, फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत चिकटपट्टी सुटते आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. गंजलेली पीन ओढू नका. मागून पातळ सुरीच्या टोकाने तिचे पाय सरळ करा आणि अलगद काढा. कडा फाटली असेल तर मऊ पातळ कागद आणि मैद्याची पातळ खळ पुरते.

माझ्या धंद्यातल्या दोन माणसांची उदाहरणं मला नेहमी बळ देतात. फिलाडेल्फियाचे रोझेनबाख हे अमेरिकेतले नामांकित पुस्तकविक्रेते. १९२८मध्ये त्यांनी लंडनच्या लिलावात 'अ‍ॅलिस इन वंडरलँड' या बालकथेचं मूळ हस्तलिखित १५,४०० पौंडांना घेतलं होतं. पण पुस्तकविक्रेत्या मामाच्या दुकानापासून जमवलेली जुनी बालपुस्तकं त्यांनी बाजारात काढली नाहीत. १९४७मध्ये आपल्या शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिली. दुसरे एडगर ऑस्बोर्न, इंग्लंडमधले ग्रंथपाल. १९३४मध्ये ते पत्नीसह टोरांटोला गेले, तिथला मुलांचा विभाग पाहिला आणि दोघंही भारावले. पत्नी गेल्यावर, १९४९मध्ये, त्यांनी दोघांनी मिळून जमवलेली सुमारे २,००० पुस्तकं मायदेशात न ठेवता त्या टोरांटोच्या ग्रंथालयाला दिली. जिथे नीट सांभाळली जातील अशी खात्री वाटली, तिथे दिली.

मला ती खात्री अजून मिळालेली नाही. एका मोठ्या ग्रंथालयाने सांगितलं, "आमच्याकडे नाहीत तेवढीच निवडून घेऊ, बाकीची तुम्ही विका." दुसऱ्या संस्थेने सगळी घ्यायची तयारी दाखवली, पण यादी करायला माणूस नाही म्हणाले. मी आधी दिलेल्या साठ पुस्तकांचे गठ्ठे तिथे दोन पावसाळे जिन्याखाली पडून होते. मी स्वतः जाऊन ते परत आणले. त्यातल्या नऊ पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटली आहेत, ती सुटत नाहीत.

माझ्या संग्रहात आज २,८६० नोंदी आहेत, चार वह्यांत हाताने लिहिलेल्या: नाव, साल, किंमत, चित्रकार, कुठल्या घरातून आलं. विकायच्या प्रती वेगळ्या, या वेगळ्या. या मला विकायच्या नाहीत. ज्या सार्वजनिक ग्रंथालयाला हव्यात त्याला फुकट देईन. अटी तीनच. संग्रह फोडायचा नाही, मुखपृष्ठं काढून बाइंडिंग करायचं नाही, आणि मुलांना, अभ्यासकांना तिथे बसून तो बघता आला पाहिजे. बालभारतीने 'किशोर'चे जुने अंक इंटरनेटवर सर्वांसाठी खुले केले, तसं या अंकांचंही कुणी करणार असेल तर पानं उलटायला मी स्वतः शेजारी बसेन.

माझा पत्ता आणि दूरध्वनी आपल्या कार्यालयात दिला आहे. वाडा रिकामा करणाऱ्यांनीही तिथे निरोप ठेवावा. पुण्यात कुठेही असलं तरी पोती उचलायला मी येईन, आणि रद्दीवाला देतो त्याहून जास्त भाव देईन.

आपली,
एक जुनी पुस्तकविक्रेती, सदाशिव पेठ, पुणे