पत्र्याला अनुदान, मग वाऱ्याला का नाही?

महोदय,

बटाटा साठवणुकीला सरकारी मदतीचा विषय निघाला की चर्चा शीतगृहांपाशीच जाऊन थांबते. शीतगृहे हवीतच. पण बटाट्याचे नुकसान बहुतेक वेळा त्याआधी, शेतकऱ्याच्या शेडमध्ये सुरू होते. हे मी स्वतःचा माल कुजवून शिकलो आहे.

अनुदानातून मी शेड बांधली. पक्क्या भिंती, वर पत्रा. पाहणीला आलेल्या साहेबांनी टेपने लांबी-रुंदी मोजली, फोटो काढला. हवा कुठून येणार आणि कुठून जाणार, हे त्यांनी विचारले नाही. खरे तर मलाही सुचले नाही. तिसऱ्या आठवड्यात ढिगात कोपरापर्यंत हात घातला, तर आत ऊब आणि वरचा थर घामेजलेला. चार दिवसांत वास सुटला.

बटाटा काढल्यावरही जिवंत असतो. तो श्वास घेतो, उष्णता आणि पाणी सोडतो. ती दमट हवा वर चढून रात्री गार पडलेल्या पत्र्याला लागते, थेंब होऊन पुन्हा ढिगावरच पडते आणि ओल्या बटाट्याला कूज धरते. त्यात मी पाला कापून साल घट्ट होण्याची वाट न बघताच काढणी उरकली होती. काढणीनंतर पहिले १०-१५ दिवस १५ ते २० अंशांत, ओलसर पण खेळत्या हवेत ठेवले की जखमा भरून येतात. तिथे घाई केली, तर पुढे कितीही गारवा द्या, आत शिरलेली कूज बाहेर येत नाही.

नुसता गारवा म्हणजे साठवण नव्हेच. ४ अंशांच्या आसपास कोंब येत नाहीत, बियाण्याला ते चालते. पण तेवढ्या थंडीत स्टार्चची साखर होते आणि तो बटाटा तळला की काळपट पडतो. म्हणून तळणीचा माल जरा उबदार ठेवून कोंब औषधाने रोखावे लागतात. युरोपीय संघात त्यासाठी वर्षानुवर्षे वापरलेल्या क्लोरप्रोफामचा वापर ऑक्टोबर २०२० मध्ये थांबला. त्याच्या जागी पुदिन्याचे तेल किंवा इथिलीन वायू वापरायचा, तर जुन्या गोदामांच्या फटीही बुजवायला हव्यात, नाहीतर औषध वाऱ्यावरच जाते. आमच्या शेडला हवा खेळत नाही, त्यांच्या गोदामातून ती गळते. दुखणे दोन्हीकडे इमारतीचेच.

पुढच्या हंगामात मी ढिगाखाली लाकडी पट्ट्यांचे बोगदे केले, ढिगाची उंची कमी केली आणि एक पंखा बसवला. बाहेरची हवा ढिगापेक्षा गार असेल तेव्हाच, म्हणजे बहुधा पहाटे, तो चालवतो. दोन थर्मामीटर आहेत, एक ढिगात, एक बाहेर. शेडच्या मानाने हा खर्च किरकोळ. पण हे ‘बांधकाम’ नाही, म्हणून मदतीत बसत नाही, असे उत्तर मला मिळाले.

नवी शेड बांधणाऱ्याइतकाच हक्क जुनी शेड सुधारणाऱ्यालाही द्यावा. पैसे काम पूर्ण झाल्यावर एकदम न देता टप्प्याटप्प्याने मिळावेत; आधी सगळे खिशातून घालण्याची ऐपत असलेल्याला मदतीची तेवढी निकड नसते. आणि एक विनंती: पाहणी शेड रिकामी असताना होते, ती माल भरल्यावर महिन्याभराने करा. साहेबांनी टेप घरी ठेवला तरी चालेल, ढिगात हात घालून बघावा.

– एक बटाटा उत्पादक शेतकरी