स्लाइडच्या बाहेर ठेवलेल्या कॉलआउटसाठी, ताई, मनापासून आभार

आदरणीय ताई,

तुमचं नाव कुठेही येऊ नये असं तुम्हीच सांगितलंत, म्हणून ते लिहीत नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत. तुम्ही केलेल्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग, म्हणजे ते कॉलआउट (टोकदार शेपटी असलेल्या मजकुराच्या चौकटी), पडद्यावर कधीच दिसत नाही, आणि तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हे पॉवरपॉइंट प्रेझेंटेशन आधी ज्यांच्या हाती होतं त्यांनी ते देखणं केलं होतं, यात वाद नाही. पण ते टचस्क्रीनवर चालणार आणि लोक बोटाने हाताळणार, हे ठाऊक असूनही निम्मी माहिती त्यांनी 'माउस ओव्हर'वर टाकली, म्हणजे माउसचा बाण नुसता वर नेला की उघडेल अशी. बोट पडद्यावर तरंगत नाही, थेट टेकतं. चित्रांवर क्लिकसाठी काढलेले चौकोन 'नो फिल' ठेवले. अशा चौकोनाची फक्त कड क्लिक घेते, आत रिकामंच असतं. त्यामुळे मधोमध बोट टेकवलं की लिंक उघडायची सोडून भलतीच पुढची स्लाइड यायची. चौकोनाला रंग भरून ट्रान्सपरन्सी (पारदर्शकता) १०० टक्के केली असती तरी भागलं असतं. माहितीपत्रकाची लिंक त्यांच्याच कॉम्प्युटरवरच्या फोल्डरला जोडलेली होती. तक्रार केली की एकच उत्तर यायचं, "आमच्याकडे तर चालतंय." त्या उत्तराचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र आधी विचारलंत, "बघणारा माणूस अडकतो कुठे?" मग सगळं तिथूनच सुरू केलंत. 'सेट अप स्लाइड शो'मध्ये 'ब्राउज्ड अ‍ॅट अ किऑस्क' निवडलंत, म्हणजे रिकाम्या जागी क्लिक करून स्लाइड पुढे सरकणं बंद. पण त्यानंतर एखाद्या स्लाइडवर बटण राहून गेलं तर माणूस तिथेच खिळतो, हे ओळखून प्रत्येक स्लाइडवरून बाहेर पडायची वाट स्वतः तपासलीत. 'होम' बटण मूळचं पहिल्या स्लाइडवर नेतं. आपली अनुक्रमणिका दुसऱ्या स्लाइडवर, म्हणून 'हायपरलिंक टू'मधून ते तिकडे वळवलंत. जी माहिती पाच ठिकाणांहून उघडते तिथे 'प्रीव्हियस' काढून 'रिटर्न' बसवलंत. 'प्रीव्हियस' क्रमाने आधीच्या स्लाइडवर जातं, माणूस आला तिथे नाही. 'होम' लेआउटवर, म्हणजे स्लाइडच्या सामायिक साच्यावर, ठेवल्याने एकाच जागी बदललं तरी सगळीकडे बदलतं. मात्र लेआउटवरची वस्तू स्लाइडवरच्या फोटोखाली दबते आणि क्लिक फोटो खातो, म्हणून तुम्ही एकेक फोटो कापून तो कोपरा मोकळा ठेवलात. एवढा जीव फार थोडे लोक लावतात.

कॉलआउटच्या शेपटीचं कोडंही तुम्हीच उलगडलंत. पिवळा ठिपका ओढून टोक नेमकं चित्रातल्या भागावर ठेवलं, तरी थोड्या वेळाने ते घसरलेलं दिसायचं. टोकाची जागा आकाराच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणात ठरते; 'रिसाइझ शेप टू फिट टेक्स्ट' चालू असेल तर एक ओळ वाढली की चौकट फुगते आणि टोक सरकतं. कनेक्टर (दोन आकार जोडणारी रेघ) जसा दुसऱ्या आकाराला चिकटतो, तशी ही शेपटी चिकटत नाही. म्हणून तुम्ही आधी 'डू नॉट ऑटोफिट' केलंत, मजकूर पक्का केलात, आणि शेपटी सर्वांत शेवटी ओढलीत.

आकड्याच्या गोलावर बोट ठेवलं की कॉलआउट उघडावा, आणि कॉलआउटवर ठेवलं की मिटावा, यासाठी दोन वेगळे ट्रिगर (कशावर क्लिक केलं की अ‍ॅनिमेशन सुरू व्हावं, ते ठरवणारी सोय) लागतात: येण्याच्या अ‍ॅनिमेशनला गोलाचा, जाण्याच्या अ‍ॅनिमेशनला कॉलआउटचा स्वतःचा. ट्रिगरच्या यादीत 'ओव्हल १४', 'रेक्टँगल २७' अशी नावं आली की कुठलं कुणाचं, काही कळत नाही. तुम्ही 'सिलेक्शन पेन', म्हणजे स्लाइडवरच्या सगळ्या वस्तूंची यादी, उघडून प्रत्येक आकाराला कळेल असं नाव दिलंत.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र आहे. एडिट करताना स्लाइडभोवती जी करडी मोकळी जागा दिसते, तिथे प्रत्येक बटणाशेजारी तुम्ही एक छोटा कॉलआउट ठेवलात. त्याचं टोक बटणाकडे, आत दोन ओळी: "हे 'नकाशा' स्लाइडवर नेतं. स्लाइडचा क्रम बदलला तरी लिंक टिकते, ती स्लाइड डिलीट केली तर तुटते." दुसऱ्या एका ठिकाणी: "हा गोल हलवला तर कॉलआउटही हलवा." स्लाइड शो चालू असताना यातलं काही दिसत नाही, स्लाइड छापल्यावरही नाही. फाइल उघडून पुढे कधी तरी काम करणाऱ्या माणसासाठीच ते आहे, आणि तो माणूस कोण असेल हे तुम्हाला माहीत नव्हतं. तसं करा असं कुणी सांगितलं नव्हतं. केलं नसतंत तरी काम पूर्णच धरलं गेलं असतं.

लोक कौशल्याचं कौतुक करतात ते रास्तच, पण आपल्यामागून येणाऱ्याचे हाल होऊ नयेत म्हणून दोन ओळी लिहून ठेवणारी माणसं आम्हाला जास्त मोठी वाटतात. अशा माणसांमुळेच कामं एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मोडत नाहीत. हा चांगुलपणा शिकवून येतो की नाही, ठाऊक नाही. बघून मात्र नक्की येतो. आमच्यातल्या नव्या मुलांनी तुमच्या नोंदी वाचल्या आणि विचारलं, "आम्हीही असंच लिहायचं ना?"

तुम्ही मानधन घ्यायला नकार दिलात, तेव्हा हे पत्र तरी घ्या. पुढच्या आवृत्तीत चार नव्या स्लाइड येणार आहेत. त्यांच्या बटणांशेजारच्या नोंदी मुलांनी लिहायला घेतल्या आहेत. सवड होईल तेव्हा त्यांवरून एकदा नजर फिरवाल का?

आपले कृतज्ञ,
हे प्रेझेंटेशन सांभाळणारे सगळे